एक बूट बाहेर

बूट टेबलावर टेकला तेव्हा कसलाही आवाज झाला नाही, तरी आख्खा वर्ग दचकला, आणि दचकलो नाही असं दाखवायला सगळ्यांनी एकदम खिडकीबाहेर बघितलं. ही आमची सवयच. पोलीसबाई साध्या कपड्यांत होत्या, केस कानामागे घट्ट, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांनी बूट पारदर्शक पिशवीतून काढलासुद्धा नव्हता, नुसता खडूच्या डबीला टेकवून उभा केला होता. काळा, पट्ट्याचा, डाव्या पायाचा. बक्कल तुटलं म्हणून पट्ट्याला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, आणि तीही अशी कडा दाबून दाबून, की गुंडाळणाऱ्या हातांना गाडीच्या वायरींची सवय असणार. ते हात दारातच होते. आमच्या वर्गातल्या हरवलेल्या मुलीची आई, बस चालवायच्या निळ्या गणवेशात, चौकट धरून उभी होती, आणि पोलीसबाईंनी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "हा तिचाच. पट्टी मी लावली आहे." पोलीसबाईंनी सांगितलं, बूट शाळेच्या हरवलं-सापडलंच्या पेटीत मिळाला, छत्र्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खाली. काल बक्षीस समारंभ झाला, त्यानंतर मुलगी घरी आलेली नाही. एका पायात बूट घालून मुलगी जाऊन जाऊन किती लांब जाईल, असं त्या स्वतःशी बोलावं तसं बोलल्या, आणि मग आमच्याकडे वळून अगदी साधा प्रश्न विचारला. "काल तिला शेवटचं कोणी पाहिलं?"

साधाच प्रश्न, पण उत्तर येईना. कोणी काही लपवत होतं असं नाही. खरंच येत नव्हतं, आणि हे त्या बाईंना कसं कळावं. एरवी आमच्या वर्गाला गप्प करायला भूगोलाच्या सरांना डस्टर आपटावं लागतं. माझी तर गोष्टच सोडा. माझ्या तोंडाला आता झाकण मिळणार नाही असं घरी म्हणतात. कालच्या समारंभाचं सूत्रसंचालन मीच केलं, आणि तेव्हापासून जिन्यात, नळाशी, कुठेही कोणीतरी 'ए माइक' अशी हाक मारतं आणि मी वळते, अशी झोकात वळते की वेणी मागच्याच्या नाकावर बसावी. पण त्या प्रश्नापुढे माइकचीही वायर निघाली. कारण आमच्या वर्गात तिला कोणी बघतच नव्हतं. तिची काच केलेली होती.

काच करणं म्हणजे मारणं नव्हे. चिडवणंही नव्हे. उलट चिडवणं बंद होतं तेव्हा काच सुरू होते. हा खेळ वकिलाने आणला. वकील म्हणजे आमच्या वर्गातली ती उंच, हसरी मुलगी. अर्ध्या मार्कासाठी ती बाईंशी आख्खी मधली सुट्टी भांडू शकते म्हणून तिचं नाव वकील पडलं, आणि ते तिला आवडतं. ज्याची काच केली त्याच्या आरपार बघायचं. तो बोलला की त्याच्या मागची भिंत बघायची. तो वाटेत उभा असला तरी सरळ चालत जायचं, काच आपोआप बाजूला होते. आणि त्याने अगदीच आवाज केला, तर वकील विचारते, कोणी काही बोललं का, आणि सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, नाही बुवा. जो चुकून बघेल, जो उत्तर देईल, पुढची काच त्याची. यात गुन्हा कुठे आहे, असं वकील समजावून सांगते. कोणाला बोट तरी लावलं का, शिवी दिली का, बघायलाच पाहिजे असा शाळेचा नियम आहे का. नाही. शाळेच्या नियमांत बघणं कुठेच नाही. सुरुवातीला डोळे अडखळतात. मग शिकतात, घसरायला लागतात, ओल्या साबणावरून बोट घसरावं तसे, आणि एक दिवस लक्षात येतं की आता मुद्दाम काही करावं लागत नाही. त्या बाकावर खरंच खिडकी तेवढी दिसते. आता पोलीसबाई काल तिने काय घातलं होतं, कोणाशी बोलत होती, रडत होती का, असं एकेकाला विचारत होत्या, आणि एकेक जण उभा राहून, मनापासून आठवायचा प्रयत्न करून, आठवत नाही म्हणत होता, आणि खरं बोलत होता. दारातल्या आईचा चेहरा मात्र दर उत्तराला थोडा थोडा बंद होत चालला होता. एवढ्या मुलांतून एकालाही तिची मुलगी दिसली नाही.

मला हा खेळ काचेच्या बाजूनेही माहीत आहे. तिच्या आधी मी होते. कशामुळे, ते आता आठवतही नाही. बहुतेक कोणाच्या तरी विनोदाला उशिरा हसले. काच असताना सगळ्यात वाईट काय, तर आपण हळूहळू त्यांच्या बाजूने होतो. मी वर्गात शिरताना पायांचा आवाज होऊ नये म्हणून टाचा उचलून चालायला लागले. उत्तर येत असलं तरी हात वर करेना. घरी आई विचारायची, अगं जिभेला काय झालं तुझ्या, तर मला वाटायचं, हिला कसं काय ऐकू येतंय की मी गप्प आहे. एकदा पाण्याच्या नळाशी मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत लागला, आणि मी तोंडावर रुमाल धरून तो गिळला, कारण नसलेल्या माणसाने खोकणं बरं दिसत नाही. आणि अशात वर्षाच्या मध्येच ती आली. नवी. हातात दप्तर, पायात हेच बूट, तेव्हा बक्कल शाबूत होतं. तिने रिकामी जागा बघितली, माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्या डोळ्यांत, आणि विचारलं, इथं बसू का? वर्ग थिजला. वकिलाने खणखणीत विचारलं, कोणी काही बोललं का, आणि सगळे म्हणाले, नाही बुवा. ती बिचारी हसली. तिला वाटलं, शाळेत नव्या मुलीचं स्वागत असंच करत असतील. तिने तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारला.

मग काही दिवस आम्ही दोघी काच होतो, आणि खरं सांगायचं तर दोघींनी काच असणं म्हणजे सुट्टीच. सुरुवातीला, तिची काच पक्की व्हायच्या आधी, तिची आई बस चालवते हे कळल्यावर वकिलाने तिचं नाव डबलबेल ठेवलं होतं. ती उत्तर द्यायला उठली की मागून टिंग टिंग असा आवाज यायचा, म्हणजे चला, गाडी सुटली, बसा खाली. ती चिडायचीच नाही. उलट तिने तीच खूण घेतली. दारावर, बाकावर, पाइपवर बोटाच्या पेराने दोन ठोके, थांबून परत दोन. म्हणजे मी आहे, मीच आहे. आमची जागा मला आधीपासून माहीत होती, ती मी तिला दाखवली. हॉलमधल्या रंगमंचाच्या खाली, दर्शनी बाजूला, गुडघ्याएवढी फळ्यांची दारं आहेत; आत चाकांच्या लांबलचक ढकलगाड्या, त्यांच्यावर घडीच्या खुर्च्या आडव्या रचून आत सारतात. गाड्यांच्या मधून सरपटत गेलं की मागे एक मोकळी जागा लागते, पाठ टेकायला विटांची भिंत, वर फळ्या, फळ्यांच्या फटींतून उजेडाच्या रेघा. वर सराव चालू असला की पायांचे आवाज थेट डोक्यात पडतात. मागे ग्रीनरूमकडे उघडणारं एक दारही होतं, पण मागच्या मोठ्या सुट्टीत तिकडून कपड्यांचं भलं मोठं लाकडी कपाट लावून टाकलंय. हे वर्गात कोणाला माहीत नाही. आत कोण जातंय बघायला. आम्हा दोघींना तेवढं माहीत होतं, कारण एकदा त्या दाराला आम्ही खांदे लावून बघितले होते, आणि कपाट जागचं हललं नव्हतं. म्हणून समोरच्या दाराची तिला भीती वाटायची. त्याची कडी बाहेरून. मी म्हटलं, घाबरट कुठली. तर ती म्हणाली, डेपोत गाडीखाली कोणी शिरलं की आधी एका पायातली वहाण काढून ड्रायव्हरच्या काचेसमोर ठेवतो. वहाण दिसली की कोणी गाडी सुरू करत नाही, मग वर साहेब ओरडू देत नाहीतर आणखी कोणी. आईने तिला चालायला लागल्यापासून हे शिकवलं होतं. तेव्हापासून आमचा नियम झाला. जी आत जाईल तिचा एक बूट दाराबाहेर.

मग एके दिवशी गणिताच्या तासाला वकिलाने मागे वळून, सरळ माझ्याकडे बघून, माझ्याकडे पेन मागितलं. बस, एवढंच. कारण नाही, निकाल नाही. मी पेन दिलं आणि त्या पेनाबरोबर माझं सगळं परत आलं, आवाज, वेणी, टाचा, सगळं. मी त्याबद्दल इथे रडगाणं लावणार नाही. ज्याचा श्वास कोंडला होता त्याला हवा मिळाली की तो आधी हवा घेतो. मी घेतली, भरभरून घेतली, बोलत सुटले, वादविवादात उतरले, निवडले गेले, आणि काल झालर लावलेल्या रंगमंचावर उभी राहून पाहुण्यांना नमस्कार करताना मला वाटलं, अख्ख्या हॉलच्या छताला माझाच आवाज टेकू देऊन उभा आहे.

"पहारेकरी म्हणतो, समारंभानंतर त्याने हॉल बघितला, हाकाही मारल्या," पोलीसबाई आमच्या वर्गशिक्षिकांना हळू आवाजात सांगत होत्या, पण माझा बाक पहिला. "आत कोणी नव्हतं. म्हणजे ती गर्दीतूनच बाहेर पडली असणार." आता डेपोकडचा रस्ता बघायचा, कालव्याच्या काठाने माणसं लावायची, असं त्या म्हणाल्या. कालवा शब्दावर आईने चौकटीवरचा हात काढून घेतला आणि परत तिथेच ठेवला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, मुलांना आता घरी सोडतो, शाळा बंद ठेवतो, तसेही पुढे सुट्टीचेच दिवस आहेत. त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी हा वर्ग बडबडा, पण भांडण नाही, मारामारी नाही, म्हणजे शिस्तीचा नमुना.

बूट माझ्याकडे बघत होता. बूट बघत नाही हे मलाही कळतं. पण त्याचं टोक नेमकं पहिल्या बाकाकडे होतं, आणि मला काहीतरी आठवायला लागलं होतं, ते आठवण्यासारखं नव्हतं, कानात पाणी जावं तसं होतं. माझे बाबा कानाची मशिनं विकतात. बाजारात छोटं दुकान, आणि मागे टेलिफोनच्या खोक्याएवढी एक खोली, भिंतींना स्पंज, त्यात माणसाला बसवून कानाला हेडफोन लावायचे, बाहेरून बाबा बटण दाबतात, आत बारीक टीं होतं, ऐकू आलं की बोट वर करायचं. लहानपणी गिऱ्हाईक नसलं की मीच गिऱ्हाईक. आवाज बारीक होत होत अशा जागी येतो की तो आहे की आपल्या डोक्यातच आहे ते कळत नाही. मी विचारायचे, बाबा, ऐकलं की नुसतं वाटलं, हे कसं ओळखायचं? बाबा म्हणायचे, ते ओळखणं तुझं काम नाही. काही लोक ऐकूनही बोट वर करत नाहीत, चुकलं तर हसं होईल म्हणून, आणि मग त्यांच्या कागदावर ते बहिरे ठरतात. शंका आली तरी बोट वर कर.

काल. समारंभ संपला, पाहुणे गेले, खुर्च्या आमच्या वर्गाकडे होत्या. मी वर माइकची वायर कोपर आणि अंगठ्यात गुंडाळत होते, कारण काम करताना आपण किती छान दिसतो याची मला तेव्हा फार जाणीव होती. खाली मुलं खुर्च्या घडी करून रचत होती, धडाधड आवाज. कोणीतरी म्हणालं, अरे हा कोणाचा, आणि दुसरं कोणीतरी म्हणालं, कोणाचाच नाही, आणि एक काळं काहीतरी हवेत उडालं, याच्याकडून त्याच्याकडे, पायाने, हाताने, आणि दाराजवळच्या पेटीत जाऊन पडलं, त्यावर टाळ्या. मी बघितलं होतं ते. डोळ्यांनी नाही, डोळ्यांच्या कडेने. मग ढकलगाड्या आत सारल्या. शेवटची गाडी पुरती जाईना, तिघाचौघांनी खांदे लावले, हुश्श करून लावले, गाडी गेली, फळ्यांची दारं बंद झाली, कडी पडली. आणि मग माझ्या पायांखालून दोन ठोके. थांबून दोन.

गाड्या आत बसताना वाजतात, त्यांचं लोखंड कुरकुरतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मग एक शब्दही आला होता, फळ्यांमधून चेपून आलेला, 'आहे' नाहीतर 'अहो' नाहीतर तसंच काहीतरी, आणि क्षणभर सगळ्यांचे हात थांबले होते. तो थांबलेला क्षण मला आता बुटासारखाच समोर ठेवलेला दिसत होता. वकिलाने मान तिरपी केली. हसत, सवयीने, खरंतर दमलेली होती ती, तिने विचारलं, "कोणी काही बोललं का?" आणि सगळे म्हणाले नाही बुवा, आणि मीही म्हणाले, आणि माइक चालूच होता. नाही बुवा. हॉलच्या चारही कोपऱ्यांतून माझा आवाज परत आला, गोल, भरदार. केवढे हसलो आम्ही. कोणीतरी म्हणालं, पण खाली, आणि वकील म्हणाली, मागे दार आहे की, तिकडून येईल. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. ठोके परत आले नाहीत.

परत आले नाहीत, आणि यातच सगळं होतं. दुसरं कोणी असतं तर दारं फोडली असती, घसा फाटेपर्यंत ओरडलं असतं, पहारेकऱ्याच्या हाकेला ओ दिली असती. पोलीसबाई बरोबर विचार करत होत्या, पण दिसणाऱ्या माणसांचा विचार करत होत्या. मला ती दुसरी गोष्ट माहीत होती. एवढ्या वेळा नाही बुवा ऐकल्यावर घशात एक जागा तयार होते, तिथे आवाज येऊन बसतो आणि उठतच नाही. मी ठसका गिळला होता. ती हाक गिळू शकते. तिकडे पाणी नाही, हवा फटींतून येते तेवढी, आणि कपाट हलत नाही, आणि ते कपाट हलत नाही हे या खोलीत फक्त मला माहीत होतं. बाकीचे आपापल्या मनात तिला मागच्या दाराने बाहेर काढून मोकळे झाले होते. मी मान वळवून वकिलाकडे बघितलं. ती बुटाकडे बघत होती, तिच्या वरच्या ओठावर घाम होता, आणि मग तिने माझ्याकडे बघितलं आणि अगदी सावकाश, पापणी न लववता, नजर माझ्यावरून घसरवून माझ्या मागच्या फळ्यावर नेली. अजून मी काही बोललेही नव्हते. नुसता नमुना दाखवला तिने. अंगावरून कोणी ओलं फडकं फिरवावं तसा तो जुना गारवा माझ्यावरून फिरला, टाचा आपोआप उचलल्या गेल्या, आणि मला एवढं स्पष्ट दिसलं: उद्या नळाशी मी, जिन्यात मी, वेणी असूनही, आवाज असूनही.

पोलीसबाईंनी पिशवी उचलली. आई बाजूला झाली, त्यांना वाट द्यायला. अगदी काचेसारखी झाली बाजूला. आणि माझं मन त्या स्पंजच्या खोलीत जाऊन बसलं होतं आणि वाद घालत होतं, की खुर्च्याच वाजल्या असतील, की ती कालव्याकडेच गेली असेल, की सगळ्यांसमोर चुकलं तर केवढं हसं, सूत्रसंचालन डोक्यात गेलंय हिच्या, म्हणतील. ऐकलं की नुसतं वाटलं? ते ओळखणं तुझं काम नाही. मी बोट वर केलं. हात नाही, बोटच, दुकानात करायचे तसं, कोपर बाकावर टेकवून एकच बोट. कोणाला दिसणार होतं ते. पण पोलीसबाई दारात थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"बोल ना," त्या म्हणाल्या.

मी उभी राहिले. छताला टेकू देणारा आवाज कुठे गेला होता कोण जाणे, जो आला तो पाण्याच्या नळातून आधी हवा यावी तसा आला. "बूट आधी पेटीत नव्हता," मी म्हटलं. "आम्ही टाकला. तो हॉलमध्ये होता, स्टेजच्या खालच्या दाराबाहेर. तिने ठेवला होता." मागून कोणीतरी बाक सरकवला. वकील म्हणाली, बाई, हिला बरं वाटत नाहीये बहुतेक, आणि तिचा आवाज मला पहिल्यांदाच लहान मुलीसारखा वाटला. मी तिच्याकडे बघितलं नाही. मी निळ्या गणवेशाकडे बघत होते. "काकू," मी म्हटलं, "एक बूट बाहेर ठेवला होता तिने."

पोलीसबाईंना काही कळलं नाही. त्या आणखी काही विचारणार होत्या. पण आईला कळलं. मी आजपर्यंत कोणाच्या चेहऱ्यावर काही कळताना एवढ्या जवळून बघितलेलं नाही. एवढा वेळ ती तो बूट मुलीच्या पायातून पडलेला समजून बघत होती, आणि आता एकदम तो तिला काचेसमोर ठेवलेला दिसला. ती तशीच वळली आणि धावत सुटली, हॉल कुठे आहे हे माहीत नसताना, आणि मी बाकावरून उडी मारून तिच्या मागे, डावीकडे काकू, डावीकडे, जिना उतरून, असं ओरडत, मागे पोलीसबाई, मागे वर्गशिक्षिका, त्यांच्या मागे जिन्यावर दणदणणारे पाय, म्हणजे वर्गही येत होता. कोण कोण ते मी बघितलं नाही.

हॉलमध्ये कालच्या फुलांचा वास शिळा झाला होता. कडी आईने काढली, दारं ओढली, आणि आम्ही तिघींनी शेवटची ढकलगाडी खेचली, तर ती येईना; जशी शिरली तशीच अडकून बसली होती. पोलीसबाईंचं मनगट लोखंडावर आपटलं, त्या काहीतरी पुटपुटल्या. मग आली, एकदम आली, आई मागे पडली आणि तशीच गुडघ्यांवर पुढे झाली. बाळा, ती आत बघून म्हणाली. बाळा, मी आहे. आतून धुळीचा आणि लोखंडाचा वास आला, दुसरं काही नाही. टॉर्चचा उजेड चाकांवरून, खुर्च्यांच्या पायांवरून घसरत गेला आणि पार मागे एका पांढऱ्या मोज्यावर थांबला. डावा पाय. तळवा काळा झालेला. हलत नव्हता. आईने परत हाक मारली, तिच्या नावाने, घरच्या नावाने, आणि मोजा हलला नाही. गाड्यांच्या मधून मोठं माणूस जात नाही. मी गेले. पोटावर सरपटत, वेणी कशात तरी अडकली ती ओढून सोडवली, कोपरं सोलली, समोर तो पाय, मग घोटा, मग गुडघा, गुडघ्याला मिठी मारलेले हात, आणि वर फळ्यांच्या फटीतून आलेल्या उजेडाच्या एका रेघेत तिचे डोळे. उघडे होते. ओठ वाळून पांढरे झाले होते, त्यांच्यातून श्वास येत होता, बारीक, पण मी एवढी जवळ होते की तो माझ्या हाताला लागला. मी मागे वळून ओरडले, आहे, काकू, आहे, आणि बाहेर कोणीतरी रडायला लागलं.

पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. ती बघत होती माझ्या आरपार, मागच्या खुर्च्यांकडे, नीट, सरावाने, पापणी न लववता, आणि मला कळलं की हे आता मलाच मोडायला हवं, बाहेरचे हात इथपर्यंत पोचणार नाहीत. सॉरी म्हणावं असं वाटलं, पण सॉरी हा शब्द त्या जागेत मावला नसता. माझ्याकडे शब्दांचा तुटवडा कधी नसतो, काल केवढे बोलले होते मी इथे, नेमकं इथेच, वर. शेवटी मी भिंतीवर पेराने दोन ठोके मारले. थांबून दोन. मग जो एकच प्रश्न आठवला तो विचारला.

"इथं बसू का?"

बाहेर कोणी पाणी आणायला धावलं. टॉर्चचा उजेड हलला आणि परत स्थिर झाला. तिचे डोळे खूप वेळ खुर्च्यांवरच होते. मग तिने तो बिनबुटाचा पाय हळूच जवळ ओढून घेतला, आणि भिंतीशी एका माणसापुरती जागा झाली. मी तिथे बसले. तिचा खांदा गार होता. मग घशातून काहीतरी खरवडून काढावं तशी ती बोलली, आणि बोलताना तिने माझ्याकडे बघितलं.

"माइकवर बोलताना," ती म्हणाली, "डावा पाय सारखा आपटतेस तू."